फौजीच्या मातीला सात दिवस आधी अर्ज?

प्रति,
सातारा जिल्ह्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी,
तसेच गावोगावचे सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील

विषय : माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेसोबत जाणाऱ्या आमच्या पथकाला न अडवण्याबाबत, आणि त्याला धरून आणखी काही

जय हिंद.

गेल्या आठवड्यात एका कार्यालयातनं आम्हाला तोंडी निरोप मिळाला. यापुढं माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेसोबत मोटारसायकली निघाल्या तर ती रॅली धरली जाईल, आणि रॅलीसाठी सात दिवस आधी लेखी अर्ज लागेल. मार्ग, गाड्यांची संख्या, आयोजकाचं नाव, ध्वनिक्षेपक आहे की नाही, सगळं त्यात भरायचं. आमच्यातल्या एका जुन्या नायकाने तिथल्या तिथं विचारलं, ‘‘साहेब, सात दिवस आधी अर्ज कुणी करायचा? मरणाऱ्याने?’’ कुणी हसलं नाही. साहेबही नाहीत.

कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की दोन दिवस बातमी होते, एक खुलासा येतो, एखाद्या कारकुनाची बदली होते आणि मूळ विषय होता तिथंच राहतो. शिवाय हा प्रश्न एका टेबलाचा नाही. म्हातारा होऊन घरी वारलेल्या फौजीच्या मातीला सरकारी माणसाने काय करायचं असतं, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. म्हणून पत्र सगळ्यांना, आणि उघड.

आधी आम्ही कोण ते सांगतो. खटाव, माण, कोरेगाव या भागातले पेन्शनीवर आलेले जवान. संघटना नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. त्यामुळे भांडणंही कमी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जास्त, पण महार रेजिमेंट, तोफखाना, सिग्नल, ईएमई म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणारं दल, मेडिकल, सगळीकडचे आहेत. नौदलातला एकच आहे, त्याला आम्ही अजून ‘पाणबुड्या’ म्हणतो. एखादा माजी सैनिक वारला आणि घरच्यांनी बोलावलं, तर आम्ही आपापल्या मोटारसायकली घेऊन निघतो. बोलावल्याशिवाय जात नाही. पेट्रोल ज्याचं त्याचं. मयताच्या घरी चूल पेटलेली नसते, तिथं आमच्या चहाचा भार नको म्हणून पाण्याच्या बाटल्यासुद्धा बरोबर असतात.

काम साधं आहे. दवाखान्यापासून शववाहिकेच्या पुढं दोन रांगा, मागं दोन रांगा. दिवे लावलेले, हॉर्न बंद, वेग तीसच्या आत. बुलेट फार थोड्या. बहुतेक स्प्लेंडर, आणि एकाची जुनी लूना आहे, सगळ्यांचा वेग खरं तर तीच ठरवते. वर्दी घालत नाही, ती नोकरीवर असलेल्यांची. गडद ब्लेझर, डोक्यावर टोपी, छातीवर ज्याची त्याची मेडल. वेशीत गाड्या उभ्या करून पुढं चालत जायचं, आणि घरच्यांनी दिला तर शेवटच्या टप्प्यात खांदा द्यायचा. स्मशानात एक जण मयताचं डिस्चार्ज बुक वाचतो : नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची तारीख, कुठं कुठं नोकरी झाली, कोणती मेडल मिळाली. भाषण नाही. बापाने आयुष्यात काय काय केलं ते कित्येक पोरांना त्या वाचनातच पहिल्यांदा कळतं. मग सावधान, सॅल्यूट, पलटणीचा जयघोष, आणि लास्ट पोस्टची, म्हणजे फौजीला निरोप देताना बिगुलावर वाजते ती धून. बिगुल वाजवणारा आमच्यात कुणी नाही, त्यामुळे धून मोबाइलवर लावतो, छोट्या स्पीकरला जोडून. एकदा ऐन त्या वेळी ‘पर्सनल लोन हवंय का’ विचारणारा फोन आला होता. तेव्हापासून फोन आधी फ्लाइट मोडवर टाकतो.

मयत मुसलमान असेल तर कब्रस्तानात जातो, ख्रिस्ती असेल तर त्यांच्या दफनभूमीत. वाडी, वस्ती, आळी पाहायची नाही ही पथकाची पहिली अट. ज्यांना ती जड गेली ते आपोआप गळाले, आणि बरं झालं.

आता हे पत्र ज्यांच्या मातीमुळं लिहावं लागलं त्यांच्याविषयी. गाव त्यांना नाना म्हणायचं. नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलंय, म्हणून इथंही नानाच. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडं जाणारी वाट अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज तिच्यावर येऊन आदळली. रात्रभर लढाई चालली, सकाळी जमालपूर पडलं. नाना तेव्हा विशीतले. त्या लढाईचं विचारलं की ते तिथल्या तळ्यांबद्दल बोलायचे. दुष्काळी खटावातला माणूस; घराघरामागं तळं, आणि त्यातलं पाणी कुणी मोजत नाही, याचं नवल त्यांना शेवटपर्यंत होतं. गोळीबाराचं काही विचारलं तर ‘‘ते झालं की’’ म्हणून पुन्हा तळ्यांवर.

पेन्शनीवर आल्यावर नानांनी गावातली पोरं पळवायला घेतली. पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर शिट्टी. सोळाशे मीटर, बीमवर पुलअप्स, नऊ फुटी खड्डा. पायात बूट नसलेल्यांना आधी अनवाणी पळवायचे, आणि जो टिकला त्याला बूट स्वतःच्या पेन्शनीतनं आणून द्यायचे. मी त्यातलाच एक. नाना नसते तर मी कुठल्यातरी गोदामात हमाल झालो असतो, आणि त्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते करायचं नव्हतं. आज आमच्या गावचे जे सीमेवर आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांनी पहिली शिट्टी नानांची ऐकलेली आहे. नाना गेले त्या दिवशी त्यातल्या कुणालाही येता येणं शक्य नव्हतं. एकाने उंचावरच्या चौकीवरून कसाबसा मला फोन लावला आणि म्हणाला, ‘‘तात्या, माझ्या वाटचा खांदा तुम्ही द्या.’’

तो देता आला नाही.

नाना साताऱ्यातल्या एका दवाखान्यात पहाटे गेले. दुपारी शववाहिका निघाली. कोरेगाव ओलांडून, वर्धनगडचा घाट चढून पुसेगावच्या पुढं जायचं होतं. वाटेतल्या एका चौकात आम्हाला अडवलं. परवानगी विचारली. शववाहिका दाखवली, तर ‘‘ती जाऊ दे, तुमचं काय?’’ गाडीवरच्या पलटणीच्या छोट्या झेंड्याकडं बघून ‘‘पक्ष कुठला?’’ असंही विचारलं. गाड्यांचे नंबर लिहून घेतले. तेवढ्या वेळात त्याच चौकातून डीजे लावलेली एक वरात निघून गेली. लग्नसराई होती, तिला वाट करून दिली. शववाहिका पुढं गेली आणि आम्ही तासाभराने सुटलो. पाहुणे खोळंबलेले, वळवाचं आभाळ भरून आलेलं, घरच्यांनी आमच्यासाठी थांबायचं तरी किती? आम्ही पोचलो तेव्हा सरण पेटलं होतं. डिस्चार्ज बुक आम्ही पेटलेल्या चितेपुढं वाचलं.

चौकातल्या त्या हवालदाराला मी दोष देत नाही. वरून आलेला शब्द तो पाळत होता, आम्हीही नोकरीभर तेच केलं. पण वरून शब्द आला तो कोणत्या नियमाखाली, हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघतात हे आम्हाला ठाऊक आहे. ते आदेश नीट वाचून पाहा. सहसा त्यांतच शेवटी लिहिलेलं असतं की लग्नकार्य आणि अंत्ययात्रा यांना हे लागू नाही. मग वरात लग्नकार्यात बसली आणि आम्ही अंत्ययात्रेत का बसलो नाही? मोटारसायकलवर बसलेला माणूस मातीला निघालेला असू शकत नाही काय?

सातारा सैनिकांचा जिल्हा, हे वाक्य आपण सगळे व्यासपीठावरून बोलता. खरंच आहे. अपशिंग्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक धारातीर्थी पडले, तेव्हा पोगरवाडीला माणसांचा पूर लोटला होता. तुकाराम ओंबळे यांना पोलीस म्हणून अशोकचक्र मिळालं, पण केडंब्याचा हा माणूस आधी लष्करातली नोकरी पुरी करून आलेला होता. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे. १९७१ च्या डिसेंबरातच, पंजाबच्या सीमेवर, पंधराव्या मराठा पलटणीतून लढताना गेले. मरणोत्तर महावीरचक्र. त्याच आठवड्यात, देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच रेजिमेंटचे नाना जमालपूरला होते. नानांच्या वाटची गोळी त्यांना चुकवून गेली.

धारातीर्थी पडणाऱ्याचा मान वेगळा आहे आणि तो वेगळाच राहिला पाहिजे. आमच्यातले काही जण म्हणतात, प्रत्येक माजी सैनिकाला बंदुकांची सलामी द्या. मला ते पटत नाही, आणि हे मी आमच्या बैठकीतही तोंडावर बोललोय. सेवेत असताना गेलेल्यांसाठी, शौर्यपदकं मिळवणाऱ्यांसाठी लष्कराचे ठरलेले नियम आहेत. ते पातळ करू नयेत. पण बंदुकांची सलामी आणि अजिबात काहीच नाही, या दोन्हींच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. ती जागा आम्ही आमच्या पेट्रोलने भरत होतो. जिवंत परत आला हा काही त्या माणसाचा अपराध नव्हे.

आता तक्रारी. क्रम माझ्या मनातला आहे, महत्त्वाचा असेलच असं नाही.

बातमीच पोचत नाही. फौजी वारला हे पोलीस पाटलाला अर्ध्या तासात कळतं, ग्रामपंचायतीला दाखल्यासाठी कुणी आलं की कळतं, आणि तालुक्याला बहुधा पेन्शन बंद करायच्या वेळी. माजी सैनिक कोण कोण आहेत ते माहीत नाही, असं उत्तर मला एका गावात मिळालं. अहो, माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राज्याने घरपट्टीत माफी दिली आहे. ती माफी देताना कागद बघूनच दिली ना? म्हणजे यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. ती फक्त वसुलीच्या बाजूने उघडते.

कुणी येत नाही. एखादे माजी पदाधिकारी वारले की शासकीय इतमामाचा आदेश काही तासांत निघतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, ज्याचा त्याचा मान. पण सतरा-अठरा वर्षं बर्फात, वाळवंटात काढलेल्या माणसाच्या मातीला तलाठीसुद्धा येत नाही. नानांच्या मातीला आमचे सरपंच होते. भला माणूस आहे, सकाळपासून लाकडं जमवण्यात होता. ‘‘मी सरपंच म्हणून काय करायचं असतं ते सांगा, करतो,’’ असं तो मला म्हणाला. माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण ते कुठंही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

तिरंग्याचा घोळ. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे. फौजी वारला की गावातला कुणीतरी उत्साहाने तिरंगा आणतो आणि तिरडीवर पांघरतो. भावना चांगली. पण राष्ट्रध्वजाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आणि २००२ ची ध्वजसंहिता यांत स्पष्ट आहे : शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधीखेरीज तिरंगा असा पांघरायचा नाही. त्या अंत्यविधींतही केशरी पट्टा डोक्याकडं हवा, आणि ध्वज चितेत जळता कामा नये, कबरीत उतरता कामा नये. मी स्वतः केशरी पट्टा पायाकडं केलेला पाहिला आहे. अग्नी द्यायच्या वेळी ध्वज कुणी काढायचा, कसा घडी करायचा, काढल्यावर ठेवायचा कुठं, यावर भावकीत वाद झालेला पाहिला आहे. मग मुलाने खाजगीत केलेली माजी हवालदाराची माती हा लष्करी अंत्यविधी धरायचा की नाही? एका ठिकाणी साहेब म्हणाले, ‘‘घाला हो, कोण विचारतंय.’’ दुसऱ्या ठिकाणचे म्हणाले, ‘‘गुन्हा दाखल करीन.’’ दोघं एकाच जिल्ह्यातले. ज्याने ध्वजासाठी आयुष्य घातलं त्याच्या मुलावर ध्वजाच्या अवमानाचा गुन्हा दाखल होण्याची वेळ कुणी आणू नये. आमच्या पथकाने आपल्यापुरता नियम केलाय : लेखी सूचना हातात असल्याशिवाय तिरंगा पांघरायचा नाही. पांढऱ्या शालीवर मयताची टोपी आणि मेडल ठेवायची, आणि अग्नी देण्याआधी ती उचलून बायकोच्या किंवा लेकीच्या हातात द्यायची.

बाईचे हाल. नवरा गेल्यावर तिच्या हातात एक पिशवी येते : डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, दोघांचा फोटो, मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पुस्तक. लष्कराच्या रेकॉर्डला तिचं नाव एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं, कारण लग्नात नाव बदललं आणि कळवायचं राहिलं. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेली. चांगली गोष्ट असेल, पण तिथं मोबाइल नंबर मयताचा जोडलेला, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि त्या फोनचं रिचार्ज संपलेलं असतं. आमच्यात एक माजी क्लार्क आहे, तो दहाव्याच्या आत त्या घरी जाऊन कागद लावून देतो. तो नसता तर किती बायकांची कुटुंब पेन्शन अडकली असती कुणास ठाऊक. तो सत्तरी ओलांडलेला आहे, त्याच्या पश्चात हे कोण करणार?

आणि त्याच बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचं, हेही आपल्या गावांत अजून चालतं. नानांच्या पत्नीच्या बाबतीत आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी हात जोडून थांबवलं. एरवी मी यावर लिहिलं नसतं, पण इथं एक उदाहरण उपयोगी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली आणि मग राज्य सरकारनेच इतर गावांना तसं करायला सांगितलं. सरपंचांना हे मुद्दाम सांगतो, कारण ‘‘मयताच्या बाबतीत ग्रामपंचायतीला काय अधिकार’’ हे वाक्य मला फार वेळा ऐकावं लागलंय. हेरवाडलाही कुणी अधिकार आणून दिला नव्हता.

स्मशानभूमीचं सगळ्यांना माहीत आहे. शेड आहे तिथं रस्ता नाही, रस्ता आहे तिथं पत्रे उडालेले. तो प्रश्न फक्त फौजींचा नाही, म्हणून पुढं जातो.

एक तक्रार आमच्याच लोकांबद्दल. अलीकडं माजी सैनिकाची माती म्हटलं की फ्लेक्स लागायला लागलेत. मयताचा फोटो हातभर, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो वीतभर पण संख्येने वीस. काही ठिकाणी सायलेन्सर फाडलेल्या बुलेटवर पोरं येतात आणि घोषणा देतात. असल्यांना प्रशासनाने जरूर अडवावं, आम्ही साथ देऊ. पण त्यांच्या नावाखाली लूना अडवू नका.

हे सगळं फार मोठं मागणं आहे असं वाटत असेल तर बाहेर काय चालतं ते बघा. अमेरिकेत २००० सालापासून कायदाच आहे : सन्मानाने निवृत्त झालेल्या कुठल्याही सैनिकाच्या कुटुंबाने मागणी केली की किमान दोन वर्दीतली माणसं अंत्यविधीला येतात, ध्वजाची घडी करून घरच्यांच्या हाती देतात आणि बिगुलाची धून वाजते. दोन माणसं, पलटण नव्हे. तिथंच २००५ पासून मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांचं एक मोठं जाळं आहे, तेही कुटुंबाने बोलावलं तरच जातं. आपला देश वेगळा, पैसा वेगळा, मान्य. पण दोन माणसं पाठवायला पैसा किती लागतो?

आमच्या मागण्या अशा.

पहिली, आणि तातडीची : माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेसोबत जाणाऱ्या स्वयंसेवकांना अंत्ययात्रेचाच भाग धरावं, रॅली धरू नये. अर्जाऐवजी जवळच्या पोलीस ठाण्याला फोनवर कळवणं पुरेसं मानावं. आम्ही मार्ग, गाड्यांची अंदाजे संख्या आणि पुढं चालणाऱ्या दोघांची नावं सांगू. रस्ता अडवणार नाही, रुग्णवाहिका आली तर सगळ्यात आधी आम्ही बाजूला होऊ. आणि एखादी शंका आली तर आमच्यातल्या दोघांना थांबवून विचारपूस करा, सगळ्या रांगेला नको. हे लेखी हवं, तोंडी नको. तोंडी आदेशाचं काय होतं ते आम्ही नोकरीत फार पाहिलंय.

दुसरी : पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक यांनी माजी सैनिकाच्या निधनाची खबर त्याच दिवशी तहसीलला आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी. व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल. त्यासाठी गावातल्या माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची अद्ययावत यादी ग्रामपंचायतीत असावी, घरपट्टीच्या यादीवरून ती एका दुपारी तयार होते.

तिसरी : मातीला शासनाच्या वतीने एक माणूस यावा. तलाठी, मंडल अधिकारी, ठाण्याचा अंमलदार, कुणीही. पुष्पचक्र वाहावं, एक मिनिट सावधान उभं राहावं, जावं. भाषण करू नये. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातला बिगुलर मोकळा असेल तर पाठवावा. नसेल तर आमचा मोबाइल आहेच.

चौथी : तिरंग्याबाबत एक पानी मराठी सूचना काढावी. कुणाला पांघरता येतो, कुणाला नाही, केशरी पट्टा कुठं, कधी काढायचा, घडी कुणी करायची, नंतर कुठं ठेवायचा. ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. उत्तर ‘नाही’ असेल तरी आम्ही पाळू, पण साताऱ्यात एक आणि फलटणात दुसरं असं नको.

पाचवी : दहाव्याच्या आत कुणीतरी जबाबदार माणूस त्या घरी जावा आणि कुटुंब पेन्शनीचे कागद लावून द्यावेत. त्याहून चांगलं म्हणजे सैनिक हयात असतानाच वर्षातून एकदा तालुक्याला शिबिर लावून नवराबायकोची नावं, जन्मतारखा, मोबाइल नंबर दुरुस्त करून घ्यावेत. ७ डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिनाचा निधी गोळा करता, शाळांच्या पोरांकडं डबे फिरवता. त्याच आठवड्यात हे शिबिर लावता येईल.

सरपंचांना वेगळं मागणं आहे. ग्रामसभेत एक ठराव करा : गावातला माजी सैनिक वारला तर ग्रामपंचायतीच्या वतीने सरपंच पुष्पचक्र वाहतील, ग्रामपंचायतीचे कर्मचारी स्मशानाची वाट मोकळी करून देतील, आणि त्या घरातल्या बाईवर कुठलीही प्रथा लादली जाणार नाही. तीन ओळींचा ठराव. आमच्या गावात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही तो मांडतोय, मसुदा आमच्या सरपंचांनीच लिहिलाय. ज्या गावाला हवा असेल त्याला देऊ, आपापल्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

जिल्ह्याकडून उत्तर लेखी यावं, नकार असला तरी लेखी. ते येईपर्यंत कुणाच्या घरून फोन आला तर आम्ही निघणार. निघण्याआधी ठाण्याला फोन करणार. अडवलं तर हुज्जत न घालता गाड्या बाजूला लावून उभे राहू, नंबर लिहून घ्या. फक्त मागे राहिलेल्यांपैकी एकाला, ज्याच्या हातात डिस्चार्ज बुक असेल त्याला, शववाहिकेत बसून पुढं जाऊ द्या.

आपला,
एक निवृत्त हवालदार
तालुका खटाव, जिल्हा सातारा
(पथकातल्या सर्वांच्या संमतीने)